सुक्यामेव्याचे जेलातो

सुक्यामेव्याचे जेलातो हा हेझलनट, पिस्ता, बदाम यांसारख्या कवचफळांचे बारीक वाटण दूध व साखरेच्या मिश्रणात घालून, ते मिश्रण संथपणे घुसळत गोठवून तयार केला जाणारा इटालियन गोड पदार्थ आहे. इटलीतील जेलातोच्या दुकानांत हेझलनट (इटालियन नाव नोच्चोला) आणि पिस्ता (पिस्ताक्किओ) हे दोन स्वाद जवळजवळ सर्वत्र आढळतात. दुकानाची पारख करायची असेल तर आधी हेच दोन स्वाद चाखावेत, असा जाणकारांचा प्रघात आहे. कारण या स्वादांत कच्च्या मालाची प्रत लपवता येत नाही.

या प्रकारच्या जेलातोत कवचफळे ही केवळ स्वादासाठी किंवा वरून पेरण्यासाठी नसतात. पदार्थातील स्निग्धांशाचा मोठा भाग त्यांच्याच तेलातून येतो. त्यामुळे साध्या दुधाच्या जेलातोपेक्षा याचे प्रमाण वेगळे बांधावे लागते. दूध, साखर, तेल आणि पाणी यांचा मेळ बसल्यास हा पदार्थ साध्या घरगुती साधनांनीही उत्तम होतो. तो न बसल्यास महागडे यंत्रही उपयोगी पडत नाही.

## नाव

‘जेलातो’ हे इटालियन भाषेतील ‘जेलारे’ म्हणजे गोठवणे या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित असून त्याचा शब्दशः अर्थ ‘गोठवलेले’ असा होतो. इटलीत हा शब्द सर्व प्रकारच्या आइसक्रीमसाठी वापरतात. इटलीबाहेर मात्र तो विशिष्ट इटालियन पद्धतीच्या, कमी स्निग्धांशाच्या व कमी हवेच्या पदार्थापुरता रूढ झाला आहे. मराठीत ‘जिलाटो’ व ‘जेलाटो’ अशीही रूपे लिहिली जातात. अनेकवचनी ‘जेलाती’ हे रूप इटालियनपुरतेच मर्यादित आहे. जेलातो बनवणाऱ्या व विकणाऱ्या दुकानास ‘जेलातेरिया’ म्हणतात.

## इतिहास

कृत्रिम बर्फ उपलब्ध होण्यापूर्वी इटलीत डोंगरांवरचा हिवाळी बर्फ खड्ड्यांत व तळघरांत दाबून ठेवला जाई आणि उन्हाळ्यात तो शहरांत विकला जाई. सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या उतारांवरील बर्फाचा मोठा व्यापार चालत असे. बर्फात मीठ किंवा सोरा मिसळल्यास तापमान शून्याच्या खाली जाते, हे ज्ञान सोळाव्या शतकात इटलीत प्रसृत झाले. नेपल्सचा विद्वान जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५८९ मधील आपल्या ग्रंथात अशा रीतीने मद्य गोठवण्याची युक्ती नोंदवली आहे. फ्लॉरेन्सचा वास्तुविशारद बेर्नार्दो बुओन्तालेंती याने मेदिची दरबारासाठी गोठवलेले गोड पदार्थ तयार केल्याची परंपरागत कथा प्रसिद्ध आहे.

मुदपाकखान्याचा कारभारी असलेल्या आंतोनिओ लातिनी याने १६९२ ते १६९४ या काळात नेपल्स येथे दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात सरबते गोठवण्याच्या कृती दिल्या असून त्यांत दुधाच्या एका प्रकाराचाही समावेश आहे. सिसिलीत जन्मलेल्या फ्रांचेस्को प्रोकोपिओ याने १६८६ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या कॅफेमुळे हे पदार्थ दरबाराबाहेरील ग्राहकांपर्यंत पोहोचले. १७७५ मध्ये नेपल्सचा वैद्य फिलिप्पो बाल्दिनी याने केवळ गोठवलेल्या पदार्थांना वाहिलेला ग्रंथ लिहिला.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत उत्तर इटलीतील झोल्दो व कादोरे या डोंगरी खोऱ्यांतील अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय ऑस्ट्रिया, जर्मनी आदी देशांत नेला. बोलोन्या येथील ओतेल्लो कात्ताब्रिगा याने १९२० च्या दशकात विजेवर चालणारे जेलातोयंत्र बनवले. याच परिसरात १९४६ मध्ये कार्पिजानी ही यंत्रे बनवणारी कंपनी स्थापन झाली. त्यामुळे आजही बोलोन्याचा परिसर या उद्योगाचे केंद्र मानला जातो.

पिएमोंते प्रांतात हेझलनट आणि कोको यांची जोडी एकोणिसाव्या शतकात जमली. नेपोलियनच्या काळातील नाकेबंदीमुळे कोको दुर्मीळ व महाग झाला, तेव्हा तोरिनोच्या हलवायांनी त्यात स्थानिक हेझलनटचे वाटण घातले, असे सांगितले जाते. या मिश्रणास पुढे ‘जान्दूया’ हे तोरिनोच्या लोकनाट्यातील एका पात्राचे नाव मिळाले. जान्दूया हा स्वाद चॉकलेटाइतकाच जेलातोतही रूढ आहे. १९६४ मध्ये याच प्रांतातील आल्बा गावी सुरू झालेले ‘नुटेला’ हे या परंपरेचेच कारखानी रूप होय.

## आइसक्रीम आणि कुल्फी यांच्याशी तुलना

आइसक्रीम, जेलातो व कुल्फी हे तिन्ही दूध गोठवून केलेले पदार्थ असले तरी त्यांतील स्निग्धांश, हवा आणि गोठवण्याची रीत यांत फरक आहे.

* आइसक्रीम : भारतीय अन्नमानकांनुसार सर्वसाधारण आइसक्रीममध्ये किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. ते वेगाने घुसळले जात असल्याने त्यात भरपूर हवा मिसळते. काही प्रकारांत हवेमुळे मिश्रणाचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते.
* जेलातो : दुग्धस्निग्धांश साधारणतः ४ ते ८ टक्के असतो आणि आकारमानातील वाढ साधारण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असते. घुसळणे संथ असते. आइसक्रीम उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, तर जेलातो उणे ११ ते उणे १४ अंशांवर वाढतात. ते कमी थंड असल्याने जीभ बधिर होत नाही आणि स्वाद अधिक स्पष्ट जाणवतो.
* कुल्फी : दूध आटवून, साच्यांत ओतून, न घुसळता गोठवतात. तिच्यात हवा जवळजवळ नसते व ती सावकाश वितळते. पिस्ता कुल्फीत पिस्त्याचे काप किंवा भरड असते आणि आटलेल्या दुधाची चव प्रधान असते. पिस्त्याच्या जेलातोत दुधाची चव मागे राहून पिस्ता पुढे येणे अपेक्षित असते.

महाराष्ट्रातील घरांत उन्हाळ्यात केले जाणारे ‘पॉटचे आइसक्रीम’ हे तत्त्वतः जेलातोच्या बरेच जवळ आहे. लाकडी बादलीत बर्फ व खडेमीठ, मधोमध पत्र्याचा डबा आणि हाताने फिरवायचा दांडा अशी त्याची रचना असते. हाताच्या संथ गतीमुळे त्यात हवा कमी मिसळते आणि पदार्थ घट्ट व दाट होतो.

## वापरली जाणारी कवचफळे

### हेझलनट

पिएमोंतेतील लांगे टेकड्यांवर पिकणाऱ्या ‘तोंदा जेंतीले’ या वाणास जेलातोसाठी विशेष मान आहे. भाजल्यावर याची साल सहज सुटते व सुगंध दीर्घकाळ टिकतो. ‘नोच्चोला पिएमोंते’ या नावास युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. दक्षिण इटलीतील जिफोनी येथील व रोमच्या उत्तरेकडील प्रदेशातील हेझलनटनाही असे संरक्षण मिळाले आहे. जगात हेझलनटचे सर्वाधिक उत्पादन तुर्कस्तानात होते. हेझलनटमध्ये सुमारे ६० टक्के तेल असते.

### पिस्ता

सिसिलीतील एटनाच्या पश्चिम उतारावरील ब्रोंते हे गाव पिस्त्यासाठी प्रसिद्ध आहे. लाव्हाच्या खडकाळ जमिनीत ही झाडे वाढतात. यंत्रे नेणे अवघड असल्याने फळे बहुतांशी हाताने तोडली जातात. येथे एक वर्षाआड पीक घेण्याची पद्धत असून काढणी विषम वर्षी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात होते. ‘ब्रोंतेचा हिरवा पिस्ता’ या नावास २००९ पासून युरोपीय संघाचे संरक्षण आहे. त्याचे उत्पादन मागणीच्या मानाने अल्प असल्याने जगभरच्या जेलातोत प्रामुख्याने अमेरिका, इराण व तुर्कस्तान येथील पिस्ता वापरला जातो. पिस्त्यात सुमारे ४५ टक्के तेल असते.

### बदाम व इतर

सिसिलीच्या आग्नेयेकडील आव्होला व नोतो परिसरातील बदाम प्रसिद्ध आहे. तेथे बदामाचे दूध गोठवून केलेली ‘ग्रानिता’ उन्हाळ्यात ब्रिओश पावासह न्याहारीला खाण्याची चाल आहे. याखेरीज अक्रोड, चिलगोज्याच्या जातीतील पिनोली आणि हेझलनट-चॉकलेटचा ‘बाचो’ हे प्रकारही आढळतात. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेल्या व कोकण-गोव्यात रुजलेल्या काजूपासूनही याच रीतीने जेलातो करता येते. काजूचे वाटण मऊ व सौम्य होते. मात्र त्याचा सुगंध मंद असल्याने ते हलके भाजून घ्यावे लागते.

## रचनेमागील शास्त्र

जेलातो म्हणजे बर्फाचे अतिसूक्ष्म स्फटिक, हवेचे बुडबुडे, स्निग्धांशाचे कण आणि या सर्वांना सामावून घेणारा न गोठलेला साखरेचा दाट पाक यांचे मिश्रण होय. बर्फाचे स्फटिक साधारणतः ५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे झाल्यास ते जिभेला कचकचीत लागतात. मिश्रण लवकर गोठवणे व गोठताना सतत हलवणे, हे दोन उपाय स्फटिक लहान ठेवतात.

पाणी. तयार मिश्रणात ६० ते ६४ टक्के पाणी असावे. हे पाणी मुख्यतः दुधातून येते. पाणी अधिक झाल्यास बर्फाचे खडे होतात, तर फारच कमी झाल्यास पदार्थ जड व चिकट होतो.

साखर. साखर केवळ गोडीसाठी नसते. पाण्यात विरघळलेली साखर गोठणबिंदू खाली आणते, म्हणून शीतकपाटातील तापमानातही काही पाणी द्रवरूप राहते आणि पदार्थ चमच्याने काढता येतो. डेक्स्ट्रोज या शर्करेचा रेणू साध्या साखरेच्या रेणूच्या निम्म्याहून किंचित मोठा असतो. म्हणून तितक्याच वजनाची डेक्स्ट्रोज गोठणबिंदू जवळजवळ दुपटीने खाली आणते. तिची गोडी मात्र साखरेच्या सुमारे ७० टक्केच असते. साखरेचा थोडा भाग डेक्स्ट्रोजने बदलल्यास अति गोड न होता जेलातो मऊ राहते.

स्निग्धांश. साध्या दुधाच्या जेलातोत क्रीम घालतात. कवचफळांच्या जेलातोत ते वगळावे किंवा अगदी कमी करावे लागते. एक किलो मिश्रणात १०० ग्रॅम हेझलनटचे वाटण घातले, तर त्यातूनच सुमारे ६० ग्रॅम तेल येते. त्यात क्रीमची भर पडल्यास पदार्थ तुपकट होतो आणि जिभेवर स्निग्ध थर बसून कवचफळाचा सुगंध दबतो. घरगुती जेलातोत सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे; अधिक समृद्ध करण्याच्या हेतूने घातलेले क्रीमच स्वादाला मारक ठरते.

दुधातील इतर घनपदार्थ. दुधातील प्रथिने पाणी धरून ठेवतात व हवेच्या बुडबुड्यांना आधार देतात. त्यासाठी सायविरहित दुधाची पावडर थोड्या प्रमाणात घालतात. ती अधिक झाल्यास दुग्धशर्करेचे स्फटिक बनून जेलातो वाळूसारखे रवाळ लागते.

स्थिरीकारक. कॅरोबच्या बियांचा डिंक किंवा ग्वार डिंक अत्यल्प प्रमाणात वापरतात. ग्वार डिंक गवारीच्या बियांपासून मिळतो आणि भारत हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. सिसिलीत यांऐवजी मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर) दुधात शिजवून घालण्याची जुनी पद्धत आहे. तेथील जेलातोत अंडे किंवा क्रीम सहसा नसते. त्यामुळे पिस्ता व बदामाची चव निर्भेळ राहते. घरगुती वापरासाठी ही रीत सर्वांत सोयीची आहे.

## घरगुती कृती

### साहित्य

पुढील प्रमाण सुमारे एक किलो हेझलनट जेलातोसाठी आहे. सर्व घटक वजनानेच मोजावेत. वाटी-चमच्याच्या मापाने हे प्रमाण साधत नाही.

* दूध (स्निग्धांश ३ ते ३.५ टक्के) : ६९० ग्रॅम
* साखर : १४० ग्रॅम
* डेक्स्ट्रोज : ३० ग्रॅम
* सायविरहित दूध पावडर : ३५ ग्रॅम
* हेझलनटचे शुद्ध वाटण : १०० ग्रॅम
* ग्वार किंवा कॅरोब डिंक : ३ ग्रॅम
* मीठ : १ ते २ ग्रॅम

या प्रमाणात एकूण स्निग्धांश सुमारे साडेआठ टक्के व पाणी सुमारे ६१ टक्के येते. भारतात मिळणाऱ्या ‘फुल क्रीम’ दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो व म्हशीच्या दुधात तो त्याहूनही अधिक असू शकतो. असे दूध वापरल्यास एकूण स्निग्धांश दहा टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून गायीचे दूध किंवा ‘टोन्ड’ दूध घ्यावे. डिंक नसल्यास १५ ते २० ग्रॅम मक्याचे पीठ वापरावे. डेक्स्ट्रोज न मिळाल्यास तितकाच मध चालतो. मात्र मधाचा स्वतःचा स्वाद उतरतो, हे लक्षात घ्यावे. बाजारातील ग्लुकोज पावडरींत काही वेळा क्षार, जीवनसत्त्वे वा स्वाद मिसळलेले असतात; तशी पावडर घेऊ नये.

### वाटण तयार करणे

संपूर्ण कृतीतील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे.

१. हेझलनट १५० अंश सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटे भाजावेत. बाहेरून रंग फसवा असतो. एखादे फळ मधोमध कापून आतला भाग फिकट सोनेरी झाल्याची खात्री करावी. अधिक भाजल्यास कडवटपणा येतो.

२. गरम असतानाच जाड फडक्यात गुंडाळून चोळावेत, म्हणजे सालपटे सुटतात. थोडी साल राहिल्यास बिघडत नाही.

३. कोमट झाल्यावर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात फिरवावेत. आधी भरड, मग ओलसर गोळा आणि शेवटी तेल सुटून वाहते वाटण अशा अवस्था क्रमाने येतात. गोळ्याच्या अवस्थेत पुष्कळ जण थांबतात. तेथे न थांबता, मध्ये मध्ये विश्रांती देऊन व कडेचे खाली ओढून, वाटण धारेने पडेपर्यंत फिरवावे. भांडे तापल्यास सुगंध उडतो व यंत्रावरही ताण येतो.

४. या टप्प्यावर पाणी किंवा दूध अजिबात घालू नये. थोडासाही ओलावा लागल्यास वाटण घट्ट होऊन बसते. गरज भासल्यास चमचाभर वासरहित तेल घालावे.

मिक्सरमधील वाटण किंचित रवाळ राहते. अधिक मुलायम वाटणासाठी दगडी चाकांचे छोटे यंत्र वापरतात. दक्षिण भारतातील इडली-डोशाच्या पिठाच्या टेबलावरील ग्राइंडरचे तत्त्व तेच असल्याने, अशी यंत्रे थोड्या बदलांसह घरगुती चॉकलेट व कवचफळांच्या वाटणासाठी परदेशातही वापरली जातात.

### मिश्रण शिजवणे व मुरवणे

साखर, डेक्स्ट्रोज, दूध पावडर, मीठ व डिंक कोरडेच एकत्र करावेत. डिंक एकटा दुधात टाकल्यास त्याच्या गुठळ्या होतात. दूध सुमारे ४० अंशांपर्यंत तापवून त्यात हे मिश्रण ढवळत घालावे व मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत न्यावे. या तापमानास जंतू नष्ट होतात, डिंक पूर्ण फुगतो व दुधातील प्रथिनांची पाणी धरण्याची क्षमता वाढते. मक्याचे पीठ वापरल्यास ते आधी थोड्या गार दुधात कालवून घालावे आणि कच्चेपणा जाईपर्यंत मिश्रण हलके उकळू द्यावे.

भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून मिश्रण लवकर थंड करावे. कोमट झाल्यावर वाटण घालून हातातील ब्लेंडरने एक-दोन मिनिटे फिरवावे, म्हणजे तेल सूक्ष्म कणांत विभागले जाऊन मिश्रण एकजीव होते. वाटण उकळत्या दुधात न घातल्याने त्याचा सुगंध टिकतो. यानंतर मिश्रण झाकून शीतकपाटात ४ अंशांवर ६ ते १२ तास मुरू द्यावे. मुरवलेले मिश्रण अधिक दाट होते व घुसळताना हवा नीट धरते.

### घुसळून गोठवणे

घरगुती यंत्रे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात दुहेरी भिंतीचे भांडे किमान २४ तास शीतकपाटाच्या गोठणकप्प्यात ठेवावे लागते. दुसऱ्यात शीतक यंत्रणा अंगभूत असते. मिश्रण ४ अंशांवर थंड असतानाच यंत्रात ओतावे. साधारण २० ते ३० मिनिटांत ते मऊ श्रीखंडाइतके घट्ट होते. तेव्हाच काढावे, अधिक घुसळल्यास स्निग्धांशाचे कण एकत्र येऊन लोण्यासारखे रवे बनतात. आधीच थंड केलेल्या उथळ डब्यात भरून, पृष्ठभागाला चिकटेल असा कागद लावून, तीन-चार तास गोठू द्यावे.

### यंत्राविना

हाताच्या पॉटमध्ये तीन भाग बर्फास एक भाग खडेमीठ (वजनाने) घेतल्यास बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. बर्फ-मिठाच्या मिश्रणाची सैद्धांतिक सीमा उणे २१ अंशांच्या आसपास आहे. मीठ डब्यात शिरणार नाही याची काळजी घेऊन २५ ते ३० मिनिटे सतत दांडा फिरवावा.

पॉटही नसल्यास मिश्रण पसरट ताटलीत दोन सेंटिमीटर जाडीने ओतून पूर्ण गोठवावे, तुकडे करून मिक्सरमध्ये झटपट फिरवावे व पुन्हा गोठवावे. पातळ थर लवकर गोठतो, म्हणून स्फटिक लहान राहतात. दर अर्ध्या तासाने काट्याने ढवळण्याच्या प्रचलित रीतीपेक्षा ही रीत अधिक चांगला परिणाम देते.

### पिस्ता व बदामासाठी बदल

पिस्ता एक मिनिट उकळत्या पाण्यात घालून साल काढावी आणि १०० अंशांच्या आसपास कोरडा करावा. तांबूस होईपर्यंत भाजू नये. खारवलेला पिस्ता चालत नाही. पिस्त्यात तेल कमी असल्याने वाटण घट्ट होते, म्हणून ते ११० ते १२० ग्रॅम घेता येते व दूध तितके कमी करावे. बदाम सोलून हलका भाजावा. अक्रोडाची साल तुरट असते; ती शक्य तितकी चोळून काढावी.

## नेहमीचे दोष व त्यांची कारणे

* बर्फाचे खडे : पाणी अधिक, साखर कमी, गोठणे फार सावकाश किंवा साठवणीत तापमानाचा चढउतार.
* दगडासारखा कडकपणा : साखरेचे प्रमाण घटवणे. कवचफळांतील तेल व घन कण गोठणबिंदू खाली आणत नाहीत, पण मिश्रण घट्ट करतात. म्हणून गोडी कमी करायची असल्यास साखर वगळण्याऐवजी तिचा काही भाग डेक्स्ट्रोजने बदलावा.
* तुपकट थर : क्रीम किंवा जास्त स्निग्धांशाचे दूध, अथवा अति घुसळणे.
* वाळूसारखा रवाळपणा : दूध पावडर अधिक. वाटण जाडसर असल्यासही रवाळ लागते. मात्र तो कण दाताखाली येतो, जिभेवर विरघळत नाही.
* वर तेल तरंगणे : वाटण मिश्रणात नीट न फेटणे.
* खवट वास : जुनी कवचफळे. त्यांतील तेल हवेच्या संपर्काने खवट होते आणि भाजल्याने वा साखरेने हा दोष झाकला जात नाही.

## रंग व भेसळ

पिस्त्याचे अस्सल जेलातो गडद किंवा चमकदार हिरवे नसते. पिस्त्याचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. उष्णतेने या द्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते व रंग मळकट, शेवाळी किंवा तपकिरीकडे झुकतो. त्यामुळे पोपटी रंगाचे पिस्ता जेलातो रंग मिसळलेले असण्याची शक्यता अधिक असते. स्वस्त प्रकारांत पिस्त्याऐवजी बदामाचा अर्क वापरून स्वादाचा आभास निर्माण करतात. कडू बदामासारखा तीव्र वास ही त्याची खूण होय. भारतात शेंगदाण्याचे काप हिरवे रंगवून पिस्त्याच्या नावाने विकण्याचे प्रकार आढळले आहेत. ब्रोंतेच्या नावाने इतर ठिकाणचा पिस्ता विकणे हीदेखील इटलीत जुनी तक्रार आहे.

अशी भेसळ केवळ आर्थिक फसवणूक ठरत नाही. पिस्ता सोसणाऱ्या, परंतु शेंगदाण्याची तीव्र ऍलर्जी असलेल्या व्यक्तीच्या जिवावर ती बेतू शकते. घरी वाटण करण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच की पदार्थात नेमके काय आहे, हे करणाऱ्यास निश्चित ठाऊक असते.

## ऍलर्जी व सुरक्षितता

कवचफळे ही तीव्र ऍलर्जीच्या प्रमुख कारणांपैकी आहेत. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार १४ ऍलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकास देणे बंधनकारक असून कवचफळे, शेंगदाणे व दूध यांचा त्यांत समावेश आहे. काजू व पिस्ता ही एकाच वनस्पतिकुळातील असल्याने एकाची ऍलर्जी असणाऱ्यास बहुधा दुसऱ्याचीही असते. शेंगदाणा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या कडधान्यांच्या कुळातील आहे, तरी दोन्हींची ऍलर्जी एकाच व्यक्तीत असू शकते. गोठवल्याने ऍलर्जीकारक प्रथिने निष्प्रभ होत नाहीत. मिक्सरचे भांडे, यंत्राचे पाते व वाढण्याचा चमचा यांतून लागलेला अल्प अंशही पुरेसा ठरतो. म्हणून पाहुण्यांना वाढण्यापूर्वी घटक सांगणे आणि वेगळा चमचा वापरणे आवश्यक आहे.

ओलसर जागी साठवलेल्या कवचफळांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करतात. ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. सुरकुतलेली, काळवंडलेली किंवा बुरशी लागलेली फळे वाटणापूर्वीच निवडून टाकावीत. वितळलेले जेलातो पुन्हा गोठवू नये. त्याने पोत तर बिघडतोच, शिवाय जंतूंची वाढही होऊ शकते.

## वाढणे व साठवण

घरगुती गोठणकप्प्याचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते व त्या तापमानास जेलातो कडक लागते. वाढण्यापूर्वी ते १५ ते २० मिनिटे शीतकपाटाच्या साध्या कप्प्यात ठेवावे आणि पसरट चमच्याने दाबून, मळल्यासारखे करून वाढावे. इटलीत गोल डावाऐवजी चपटे पाते वापरतात ते यासाठीच. वर भाजलेल्या हेझलनटची किंवा पिस्त्याची थोडी भरड पेरतात.

घरगुती जेलातोत टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते व हवाही कमी असते. एक आठवड्यात ते संपवणे इष्ट. त्यानंतर स्फटिक मोठे होऊ लागतात व सुगंध उतरतो. तयार वाटण मात्र हवाबंद बरणीत शीतकपाटात काही आठवडे टिकते. त्यामुळे वाटण आधी करून ठेवावे व जेलातो लागेल तसे थोडे थोडे गोठवावे, हा क्रम घरगुती वापरास अधिक योग्य ठरतो.